अनिवार्य अभिगम-नियंत्रण

अनिवार्य अभिगम-नियंत्रण : संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने कोणत्या फाईली वाचाव्यात, कोणत्या लिहाव्यात, जालावर कोणाशी संबंध ठेवावा आणि यंत्राच्या कोणत्या भागांना हात लावावा, हे आधी लिहून ठेवलेल्या धोरणाने ठरविण्याची व ते धोरण परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडून सक्तीने पाळून घेण्याची पद्धती. अभिगम म्हणजे एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचण्याची मुभा. इंग्रजीत या पद्धतीला ‘मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल’ असे म्हणतात. ‘अनिवार्य’ या विशेषणाचा रोख असा की, फाईलीचा मालक किंवा आज्ञावली चालविणारा माणूस हे धोरण आपल्या मर्जीने शिथिल करू शकत नाही. ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने वावरणारी प्रक्रियाही त्याच्या कक्षेबाहेर नसते. लिनक्स या परिचालन प्रणालीत पार्श्वभूमीला अखंड चालणाऱ्या सेवा (उदा., संकेतस्थळे पुरविणारी सेवा, टपाल-सेवा, मुद्रण-सेवा, ध्वनि-चित्र हाताळणारी सेवा इ.) आपापल्या कामापुरत्या बंदिस्त करण्यासाठी ही पद्धती मुख्यत्वे वापरतात.

गरज : युनिक्स ही परिचालन प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत १९६९ मध्ये जन्मास आली. तिच्याच धर्तीवर लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. दोहोंतही फाईलींच्या रक्षणाची मूळ पद्धत एकच आहे. प्रत्येक फाईलीला एक मालक व एक गट असतो आणि मालक, गट व इतर या तिघांना वाचणे, लिहिणे व चालविणे यांपैकी कशाची मुभा द्यावयाची, हे मालक ठरवितो. सर्व काही मालकाच्या इच्छेवर अवलंबून असल्यामुळे या पद्धतीस स्वेच्छाधीन अभिगम-नियंत्रण म्हणतात. तीत दोन उणिवा आहेत. एक म्हणजे, आज्ञावलीला ती चालविणाऱ्याचे सर्व अधिकार आपोआप मिळतात. तिच्या कामाला त्यांपैकी किती लागतात याचा विचार होत नाही. दुसरी म्हणजे, रूट या नावाने चालणाऱ्या प्रक्रियेला बहुतेक सर्व निर्बंध माफ असतात आणि अनेक सेवा निदान सुरू होताना तरी रूट म्हणूनच चालतात.

उदाहरणादाखल, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापसाच्या बाजारपेठेत एखाद्या संस्थेने रोजचे भाव लोकांना घरबसल्या पाहता यावेत म्हणून लिनक्सवर संकेतस्थळ चालविले आहे, अशी कल्पना करू. त्याच संगणकावर शेतकऱ्यांची नावे, त्यांच्या बँक-खात्यांचे क्रमांक आणि कापसाच्या चुकाऱ्यांच्या रकमा यांची यादी ठेवलेली आहे. संकेतस्थळ पुरविणाऱ्या आज्ञावलीत एखादा दोष राहून गेला आणि दूरवरच्या कोणा चोरट्याने मुद्दाम घडविलेली विनंती पाठवून त्या दोषावाटे आपल्या आज्ञा आत घुसविल्या, तर तेथून पुढे ती सेवा त्याच्या हुकमतीखाली चालते. चुकाऱ्यांची यादी घाईगर्दीत ‘सर्वांना वाचता येईल’ अशा मुभेने ठेवली गेली असेल, तर गाभा ती चोरट्याच्या हवाली करतो. कारण गाभ्याच्या लेखी कोणताही नियम मोडलेला नसतो. सेवेचे नाव तेच असते, तिचे अधिकारही तेच असतात. बदललेला असतो तो हेतू, आणि हेतू गाभ्याला दिसत नाही.

अनिवार्य नियंत्रणाचा विचार येथून सुरू होतो. सेवा कधी ना कधी परक्याच्या हाती जाईल असे गृहीत धरून, तशी ती गेली तरी तिच्या हातून किती नुकसान होऊ शकेल याची सीमा आधीच आखून ठेवणे, हे त्याचे उद्दिष्ट होय. सरकारी कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत अशाच विचारावर आधारलेली आहे. तेथील तिजोरी एकाच किल्लीने उघडत नाही, व दोन किल्ल्या एकाच्या हाती नसतात. किल्ली बाळगणारा प्रामाणिक आहे की नाही, या प्रश्नावर रक्षण अवलंबून ठेवलेले नसते.

इतिहास : या विषयाचा पाया लष्करी गरजांतून घातला गेला. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स पी. अँडरसन यांनी १९७२ मध्ये सादर केलेल्या अहवालात ‘संदर्भ-निरीक्षक’ ही कल्पना मांडली आहे. अभिगमाची प्रत्येक मागणी ज्याच्यासमोरून जाते, ज्यात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही आणि ज्याची अचूकता पूर्णपणे तपासता येईल इतका जो लहान आहे, असा निरीक्षक संगणकात असावा, असे तीत अभिप्रेत होते. १९७३ मध्ये डेव्हिड एलियट बेल व लेनर्ड लापादुला यांनी गोपनीय कागदपत्रांच्या दर्जांवर आधारलेली गणिती प्रतिकृती तयार केली. खालच्या दर्जाच्या व्यक्तीने वरच्या दर्जाचे वाचू नये आणि वरच्या दर्जाच्या प्रक्रियेने खालच्या दर्जाच्या फाईलीत लिहू नये, असे तिचे दोन मुख्य नियम आहेत. त्याच वर्षी बटलर लॅम्पसन यांनी, उसन्या घेतलेल्या आज्ञावलीने आपली माहिती बाहेर फोडू नये यासाठी तिला कसे कोंडावे, हा प्रश्न ‘बंदिस्तीचा प्रश्न’ म्हणून मांडला. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामाला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, हे ‘न्यूनतम अधिकारा’चे तत्त्व स्पष्ट केले. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ मध्ये काढलेल्या व मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘नारिंगी पुस्तक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या निकषग्रंथात वरच्या श्रेणींसाठी अनिवार्य नियंत्रण आवश्यक ठरविले गेले.

गोपनीयतेच्या दर्जांची ही उतरंड लष्करी कार्यालयाला सोयीची असली, तरी संकेतस्थळाची किंवा टपालाची सेवा कोंडण्यास ती अपुरी पडते. कारण तेथे वरचा-खालचा दर्जा नसून कामांची विभागणी असते. ही अडचण ओळखून अर्ल बोबर्ट व रिचर्ड केन यांनी १९८५ मध्ये प्रकार-सक्तीची पद्धत सुचविली. तीत प्रत्येक प्रक्रियेला एक क्षेत्र व प्रत्येक वस्तूला एक प्रकार दिलेला असतो आणि कोणत्या क्षेत्राने कोणत्या प्रकारावर कोणती क्रिया करावी याचे कोष्टक ठेवलेले असते. हाच धागा पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने यूटा विद्यापीठ व सिक्युअर कॉम्प्युटिंग कॉर्पोरेशन यांच्या सहकार्याने विकसित केलेल्या ‘फ्लास्क’ या रचनेत आला. ‘फ्लास्क’ची कल्पना लिनक्समध्ये उतरवून त्या संस्थेने २२ डिसेंबर २००० रोजी ‘एसई-लिनक्स’ (सुरक्षावर्धित लिनक्स) सर्वांसाठी खुले केले. २००१ मध्ये ते लिनक्सच्या विकासकांपुढे मांडले गेले, तेव्हा टोर्व्हाल्ड्स यांनी एकच पद्धत गाभ्यात न घेता निरनिराळ्या पद्धती बसविता येतील असा समाईक सांगाडा तयार करण्याचा आग्रह धरला. त्यातून ‘लिनक्स सुरक्षा-घटक’ हा सांगाडा तयार झाला. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाभ्याच्या २.६ या आवृत्तीत हा सांगाडा आणि एसई-लिनक्स ही दोन्ही समाविष्ट होती.

कार्यपद्धती : एखादी प्रक्रिया फाईल उघडणे, जालाशी जोडणी करणे अशा प्रकारची मागणी करते, तेव्हा गाभा प्रथम नेहमीची मालक-गट-इतर ही मुभा तपासतो. ती नाकारली गेली, तर विषय तेथेच संपतो. मिळाली, तर मागणी सुरक्षा-घटकाकडे जाते व तो धोरणात पाहून होकार किंवा नकार देतो. म्हणजे अनिवार्य नियंत्रण ही दुसरी चाळणी होय. पहिल्या चाळणीने अडविलेले ती सोडू शकत नाही; सोडलेले मात्र अडवू शकते.

एसई-लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रिया व वस्तू यांना एक खूणचिठ्ठी असते. तीत वापरकर्ता, भूमिका, प्रकार व स्तर हे चार भाग असून सेवांच्या बंदिस्तीत यांपैकी प्रकाराला सर्वाधिक महत्त्व आहे. संकेतस्थळाच्या सेवेच्या आज्ञावलीची फाईल ‘एचटीटीपीडी-एक्झेक-टी’ या प्रकाराची असते. प्रणाली सुरू करणारी मूळ प्रक्रिया ती फाईल चालविते, तेव्हा धोरणानुसार नवी प्रक्रिया ‘एचटीटीपीडी-टी’ या क्षेत्रात प्रवेश करते. या क्षेत्राला संकेतस्थळाच्या मजकुराचा प्रकार वाचण्याची, स्वतःच्या नोंदवहीत भर घालण्याची आणि ठराविक क्रमांकांच्या द्वारांवर ग्राहकांची वाट पाहण्याची मुभा असते. परवलीच्या शब्दांची फाईल ‘शॅडो-टी’ या प्रकाराची असते व ती वाचण्याची मुभा या क्षेत्राला नसते. कोष्टकात जे लिहिलेले नाही ते निषिद्ध, असा या पद्धतीचा दंडक आहे. वारंवार येणाऱ्या मागण्यांसाठी दर वेळी संपूर्ण धोरण धुंडाळावे लागू नये म्हणून आधी दिलेले निर्णय गाभ्यातील एका राखीव साठ्यात ठेवतात.

वरील उदाहरणातील चुकाऱ्यांच्या यादीला स्वतंत्र प्रकार दिलेला असेल आणि संकेतस्थळाच्या क्षेत्राला त्या प्रकाराची मुभा नसेल, तर यादी ‘सर्वांना वाचता येईल’ अशी राहून गेली असली, तरी सेवा काबीज केलेल्या चोरट्याला ती उघडता येत नाही. सेवा रूट म्हणून चालत असली, तरी फरक पडत नाही. शिवाय नकाराची नोंद होत असल्याने, भावफलक दाखविणारी सेवा चुकाऱ्यांची यादी का मागत होती, असा प्रश्न व्यवस्थापकापुढे उभा राहतो आणि चोरी उघडकीस येण्याचा मार्ग मोकळा होतो.

इतर पद्धती : ‘ॲपआर्मर’ या पद्धतीत वस्तूंना खूणचिठ्ठ्या नसतात. प्रत्येक आज्ञावलीसाठी एक रूपरेषा लिहितात व तीत फाईलींचे मार्ग आणि त्यांवरील मुभा यांची यादी देतात. वाचण्यास व लिहिण्यास ती सोपी असते; परंतु रक्षण फाईलीशी नव्हे, तर तिच्या नावाशी बांधलेले असल्यामुळे एकाच फाईलीला दोन मार्ग असतील, तर दोहोंचा विचार करावा लागतो. मुळात ‘सबडोमेन’ या नावाने इम्युनिक्स या प्रणालीसाठी तयार झालेली ही पद्धत २००५ मध्ये नॉव्हेल या कंपनीकडे आली व ऑक्टोबर २०१० मध्ये गाभ्याच्या २.६.३६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. उबुंटू व डेबियन या वितरणांत ती वापरतात. फेडोरा व रेड हॅट यांचा भर एसई-लिनक्सवर आहे. केसी शॉफलर यांची ‘स्मॅक’ ही सुटसुटीत खूणचिठ्ठ्यांची पद्धत २००८ मध्ये व जपानमध्ये विकसित झालेली ‘तोमोयो’ ही मार्गाधारित पद्धत २००९ मध्ये गाभ्यात आली.

धोरणाची आखणी : धोरण फार सैल असले, तर ते निरुपयोगी ठरते आणि फार घट्ट असले, तर सेवा बंद पडते. फेडोराच्या मे २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्व प्रणालीला व्यापणारे कडक धोरण दिले होते. पण नेहमीची कामे अडू लागल्याने ते मूळ मांडणीत बंद ठेवावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील तिसऱ्या आवृत्तीत ‘लक्ष्याधारित’ धोरण आले. त्याने जालाला तोंड देणाऱ्या मोजक्या सेवाच कोंडल्या व बाकीच्या प्रक्रिया मोकळ्या ठेवल्या. हे धोरण मूळ मांडणीतच चालू ठेवता आले. पुढील आवृत्त्यांतून कोंडलेल्या सेवांची संख्या क्रमाने वाढत गेली.

नवे धोरण प्रथम ‘अनुज्ञापक’ अवस्थेत चालवितात. या अवस्थेत नियमभंग अडविला जात नाही, त्याची केवळ नोंद होते. नोंदी तपासून धोरण दुरुस्त केल्यावर ते ‘सक्तीच्या’ अवस्थेत आणतात. नोंदींवरून हवे ते नियम आपोआप तयार करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि ती डोळे झाकून वापरल्यास चुकीच्या मागण्यांनाही मुभा मिळते, व एखादी सेवा आधीच परक्याच्या हाती गेली असेल, तर त्याच्या मागण्याही धोरणात जाऊन बसतात. नेहमी लागणाऱ्या फेरफारांसाठी धोरणातच चालू-बंद करण्याच्या कळा ठेवलेल्या असतात, उदा., संकेतस्थळाच्या सेवेने स्वतःहून बाहेर जोडणी करण्याची मुभा मुळात बंद असते व गरजेप्रमाणे तेवढीच चालू करता येते.

प्रत्यक्षातील पुष्कळ अडचणी खूणचिठ्ठ्यांच्या घोटाळ्यातून उद्‌भवतात. वापरकर्त्याच्या घरच्या कप्प्यात तयार केलेली फाईल संकेतस्थळाच्या कप्प्यात ‘हलविली’, तर ती सामान्यतः आपली जुनी चिठ्ठी घेऊनच जाते व सेवेला वाचता येत नाही. तिची ‘प्रत’ केली, तर नव्या जागेची चिठ्ठी मिळते. अशा वेळी चिठ्ठी दुरुस्त करणे हा उपाय आहे व त्यास एकच आज्ञा पुरते. परंतु कारण न उमजल्याने संपूर्ण नियंत्रणच बंद करून टाकण्याची सवय व्यवस्थापकांत आढळते. काम त्या क्षणी सुरू होते आणि रक्षण गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. कारण रक्षण असताना काय टळले, हे डोळ्यांना दिसत नसते.

भ्रमणध्वनीतील वापर : लिनक्सचा गाभा सर्वाधिक संख्येने आढळतो तो अँड्रॉइड या प्रणालीवर चालणाऱ्या भ्रमणध्वनींत. अँड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीत (२०१३) एसई-लिनक्स अनुज्ञापक अवस्थेत आले, ४.४ मध्ये काही मोजक्या सेवांना त्याची सक्ती झाली आणि ५.० या आवृत्तीपासून (२०१४) ती सर्व प्रक्रियांना लागू झाली. त्यामुळे ज्याने या विषयाचे नावही ऐकलेले नाही अशा माणसाच्या खिशातही हे धोरण चालत असते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवितो आणि ती नोंद सात-बाराच्या उताऱ्याशी जोडली जाते. घाटंजी तालुक्यातील शेतकऱ्याने कापसाच्या शेतात उभे राहून असे छायाचित्र घेतले, की कॅमेरा प्रत्यक्ष हाताळणारी सेवा व ॲप या दोन वेगळ्या क्षेत्रांतील प्रक्रिया असतात. बाहेरून बसविलेल्या सर्व ॲपना धोरणात ‘अविश्वासार्ह ॲप’ असेच क्षेत्र दिलेले असते, मग ते शासनाचे असो वा खासगी. यात ॲपच्या सचोटीवर शेरा नसून, तिच्यावर भरवसा न ठेवता रचना करावी, हे तत्त्व आहे.

धोरण असणे आणि ते पुरेसे चिंचोळे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे २०१५ च्या जुलैमध्ये दिसून आले. अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ या ध्वनि-चित्र वाचणाऱ्या भागात गंभीर दोष सापडले. मुद्दाम घडविलेली चित्रफीत संदेशाने पाठवूनही ‘मीडियासर्व्हर’ ही सेवा काबीज करता येत होती. एसई-लिनक्स त्या वेळी ५.० आवृत्तीत सक्तीने चालू होते. पण या एकाच सेवेकडे चित्रफीत उलगडणे, कॅमेरा, ध्वनिग्राहक व जालाची जोडणी ही सर्व कामे असल्याने तिचे क्षेत्रही तेवढेच ऐसपैस होते. कोंडवाडा होता, पण त्यात सारे गाव मावत होते. यावर उपाय म्हणून ७.० या आवृत्तीत (२०१६) ती सेवा फोडून कॅमेरा, ध्वनी, चित्रफितीची फोड, सांकेतिक रूप उलगडणे इ. कामांसाठी स्वतंत्र प्रक्रिया व स्वतंत्र क्षेत्रे केली गेली. परक्या चित्रफिती प्रथम ज्या प्रक्रियेपुढे येतात, तिला कॅमेरा मिळत नाही, ध्वनिग्राहक मिळत नाही व जालाची जोडणीही करता येत नाही. चित्रफीत वाचण्यातील दोष त्यानंतरही सापडत राहिले. त्यांचा उपयोग करून हाती लागणारी खोली मात्र लहान झाली.

उपयुक्तता व मर्यादा : मे २०१५ मध्ये क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालविणाऱ्या आज्ञावलीत ‘व्हेनम’ हा दोष आढळला. आभासी फ्लॉपी-यंत्राच्या भागातील या दोषावाटे भाडेकरू यंत्रातून मूळ यंत्रात घुसण्याचा धोका होता. एसई-लिनक्सवर आधारित बंदिस्तीत प्रत्येक आभासी यंत्राला वेगळी वर्गखूण दिलेली असल्याने, तेथे घुसखोराला शेजारच्या यंत्राच्या तबकडीपर्यंत पोहोचणे अवघड होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’ या आज्ञापात्रे चालविणाऱ्या साधनात दोष सापडला, तेव्हा रेड हॅटच्या ज्या प्रणालींवर लक्ष्याधारित धोरण सक्तीने चालू होते, तेथे त्या दोषाचा गैरफायदा घेता येत नव्हता. नियंत्रण बंद करून ठेवलेल्या यंत्रांना हे संरक्षण नव्हते.

मर्यादाही ध्यानात घेणे इष्ट आहे. धोरणाची सक्ती गाभा करतो, त्यामुळे गाभ्यातच दोष असल्यास (उदा., ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’) पहारेकरीच फितूर झाल्यासारखे होते व धोरणाचा आधार उरत नाही. सेवेला जी माहिती कामासाठी द्यावीच लागते, तिचे रक्षणही ही पद्धत करीत नाही. चुकाऱ्यांची यादी संकेतस्थळावरून शेतकऱ्यांना दाखवावयाची असेल, तर संकेतस्थळाच्या सेवेला तिची मुभा द्यावी लागते आणि मग ती सेवा काबीज करणाऱ्यालाही यादी मिळते. अशा वेळी यादी वेगळ्या प्रक्रियेच्या स्वाधीन करून, एका वेळी एकाच खातेदाराची नोंद मागता येईल अशी कामाची फोड करावी लागते. म्हणून सेवांची रचना करणारा व धोरण लिहिणारा यांनी एकमेकांच्या सल्ल्याने काम करणे आवश्यक असते. सदोष आज्ञावली वेळीच दुरुस्त करणे, अनावश्यक सेवा बंद ठेवणे व नकारांच्या नोंदी नियमितपणे वाचणे यांची जागा अनिवार्य अभिगम-नियंत्रण घेऊ शकत नाही. ही खबरदारी घेऊनही जो दोष नजरेतून सुटतो, त्याचे परिणाम एका सेवेपुरते सीमित ठेवणे एवढेच त्याचे कार्य आहे.